थेलोनियस मंक

थेलोनियस स्फिअर मंक (जन्म : १० ऑक्टोबर १९१७, रॉकी माउंट, उत्तर कॅरोलिना, मृत्यू : १७ फेब्रुवारी १९८२, एंगलवुड, न्यू जर्सी) हे अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि संगीतरचनाकार होते. १९४० च्या दशकात न्यू यॉर्क शहरात उदयास आलेल्या 'बीबॉप' या जॅझशैलीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. मात्र त्यांची स्वतःची शैली बीबॉपच्या चौकटीत पूर्णपणे बसणारी नव्हती. बीबॉपचे बहुतेक वादक वेगवान आणि दाट स्वरावलींसाठी प्रसिद्ध होते, तर मंक यांचे वादन मोजक्या स्वरांचे, अनपेक्षित विरामांचे आणि कर्कश वाटणाऱ्या स्वरमेळांचे होते.

मंक यांच्या नावावर सुमारे ७० रचना आहेत. संख्येने त्या थोड्या असल्या तरी जॅझच्या क्षेत्रात ड्यूक एलिंग्टन यांच्या खालोखाल मंक यांच्याच रचना सर्वाधिक वेळा ध्वनिमुद्रित झाल्या आहेत, असे मानले जाते. 'राउंड मिडनाइट', 'ब्लू मंक', 'स्ट्रेट, नो चेसर', 'रूबी, माय डिअर', 'वेल, यू नीडन्ट' आणि 'एपिस्ट्रफी' या त्यांच्या रचना आज जगभरातील जॅझवादकांच्या नित्य पाठात आहेत. कारकिर्दीच्या पूर्वार्धात त्यांच्या वादनातील ज्या गोष्टी तांत्रिक उणिवा म्हणून हिणवल्या गेल्या, त्याच त्यांच्या रचनापद्धतीचा गाभा होत्या, असे पुढील काळातील अभ्यासकांचे मत झाले.

बालपण आणि शिक्षण

मंक यांचा जन्म उत्तर कॅरोलिना राज्यातील रॉकी माउंट या गावी एका आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. वडिलांचे नावही थेलोनियस होते. आईचे नाव बार्बरा. मोठी बहीण मॅरियन आणि धाकटा भाऊ थॉमस ही त्यांची भावंडे. १९२२ साली हे कुटुंब न्यू यॉर्कमधील मॅनहॅटन भागात राहावयास आले. वेस्ट ६३ व्या रस्त्यावरील सॅन हुआन हिल या वस्तीत त्यांचे घर होते आणि मंक यांच्या आयुष्याचा फार मोठा काळ याच परिसरात गेला. प्रकृतीच्या कारणास्तव वडील काही वर्षांनी उत्तर कॅरोलिनास परतले. त्यानंतर मुलांचे संगोपन आईने एकटीने कष्ट करून केले.

घरात पियानो होता. मॅरियन पियानोचे धडे घेत असताना थेलोनियस शेजारी बसून ते ऐके आणि त्यावरूनच त्याने प्रारंभीची स्वरओळख करून घेतली. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे पाठ घेत असतानाच हार्लेममध्ये विकसित झालेल्या 'स्ट्राइड' या पियानोशैलीचा संस्कार त्याच्यावर झाला. या शैलीत डावा हात खालच्या सप्तकातील मूळ स्वर आणि मधल्या सप्तकातील स्वरमेळ यांच्यामध्ये सतत झेप घेत लय सांभाळतो आणि उजवा हात सुरावट वाजवतो. या शैलीचे अग्रगण्य वादक जेम्स पी. जॉन्सन याच परिसरात राहत असत. मंक यांच्या वादनावर स्ट्राइडचा हा संस्कार अखेरपर्यंत टिकून राहिला.

स्टायव्हसंट हायस्कूल या नामवंत शाळेत मंक यांना प्रवेश मिळाला होता. परंतु शालेय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. किशोरवयात ते एका महिला धर्मप्रचारकाच्या फिरत्या पथकात पियानो वाजवीत आणि या पथकाबरोबर त्यांनी सुमारे दोन वर्षे देशभर प्रवास केला. चर्चमधील भक्तिगीतांचे साधे, ठाशीव स्वरमेळ त्यांच्या पुढील रचनांत अनेक ठिकाणी जाणवतात.

मिंटन्स प्लेहाउस आणि बीबॉपचा उदय

१९४० च्या दशकाच्या आरंभी मंक हार्लेममधील 'मिंटन्स प्लेहाउस' या क्लबचे कायमस्वरूपी पियानोवादक झाले. ढोलवादक केनी क्लार्क हे तेथील वाद्यवृंदात त्यांचे सहकारी होते. रात्री उशिरा, मोठ्या वाद्यवृंदांतील नोकरी आटोपून आलेले वादक येथे एकत्र जमत आणि कोणत्याही पूर्वनियोजनाशिवाय पहाटेपर्यंत वादन चाले. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हे या बैठकांतील प्रमुख कलावंत होत. नृत्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या स्विंग संगीताहून वेगळी, एकाग्रतेने ऐकण्याची शैली या बैठकांतून आकारास आली. तीच पुढे बीबॉप म्हणून ओळखली गेली.

या घडणीत मंक यांचा वाटा मुख्यतः स्वरमेळांच्या अंगाने होता. परिचित गीतांच्या मूळ स्वरमेळांऐवजी ते नवे, दूरचे स्वरमेळ योजीत आणि आपल्या सहकाऱ्यांना ते समजावून देत. तरुण पियानोवादक बड पॉवेल यांना मिंटन्समध्ये प्रोत्साहन देणाऱ्यांत मंक अग्रभागी होते आणि दोघांची मैत्री दीर्घकाळ टिकली.

बीबॉपचे श्रेय आणि लौकिक मात्र प्रामुख्याने गिलेस्पी आणि पार्कर यांना मिळाला. मंक यांच्या रचना इतरांकडून वाजवल्या जात असतानाही त्यांचे स्वतःचे नाव फारसे पुढे आले नाही. ट्रंपेटवादक कूटी विल्यम्स यांच्या वाद्यवृंदाने १९४४ साली 'राउंड मिडनाइट' प्रथम ध्वनिमुद्रित केले. त्या काळातील प्रथेनुसार वाद्यवृंदप्रमुख या नात्याने विल्यम्स यांचे नावही सहरचनाकार म्हणून नोंदवले गेले. त्यामुळे मंक यांच्या सर्वांत प्रसिद्ध रचनेचे उत्पन्न आरंभापासूनच विभागले गेले. त्याच वर्षी ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी मंक यांना आपल्या चौकडीत घेतले. मंक यांचे स्टुडिओतील पहिले ध्वनिमुद्रण हॉकिन्स यांच्याबरोबरच झाले.

ब्लू नोट काळ

ऑक्टोबर १९४७ मध्ये 'ब्लू नोट' या कंपनीसाठी मंक यांनी प्रथमच स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण केले. त्या वेळी ते ३० वर्षांचे होते. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड लायन आणि त्यांच्या पत्नी लॉरेन यांचा मंक यांच्यावर दृढ विश्वास होता. लॉरेन यांनी दुकानदार आणि वार्ताहर यांच्याकडे स्वतः जाऊन मंक यांच्या तबकड्यांचा प्रचार केला. 'बीबॉपचा महापुरोहित' ही त्यांची प्रतिमा याच प्रचारातून रूढ झाली. १९५२ पर्यंत चाललेल्या या ध्वनिमुद्रणांत 'थेलोनियस', 'रूबी, माय डिअर', 'वेल, यू नीडन्ट', 'इन वॉक्ड बड', 'मिस्टेरिओसो', 'एव्हिडन्स', 'क्रिस क्रॉस' आणि 'स्ट्रेट, नो चेसर' अशा अनेक महत्त्वाच्या रचनांचा समावेश आहे. अनेक ध्वनिमुद्रणांत ढोलवादक आर्ट ब्लेकी यांची साथ आहे. आज या तबकड्या जॅझच्या इतिहासातील मोलाचा ठेवा समजल्या जात असल्या, तरी त्या काळी त्यांची विक्री अत्यल्प झाली आणि समीक्षकांचे मतही प्रतिकूल होते.

कॅबरे कार्ड आणि बंदीची वर्षे

त्या काळी न्यू यॉर्कमध्ये मद्यविक्री होणाऱ्या कोणत्याही क्लबात काम करण्यासाठी 'कॅबरे कार्ड' नावाचा पोलीस परवाना आवश्यक असे. परवाना देणे वा रद्द करणे पोलिसांच्या हाती होते आणि मादक पदार्थांच्या प्रकरणात अडकलेल्या कलावंतांचे परवाने सर्रास काढून घेतले जात. जॅझवादकांची उपजीविका क्लबांवरच अवलंबून असल्याने परवाना गमावणे म्हणजे रोजगार गमावणेच होते. चार्ली पार्कर आणि गायिका बिली हॉलिडे यांनाही या व्यवस्थेचा फटका बसला.

ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि बड पॉवेल एका मोटारीत बसलेले असताना पोलिसांनी झडती घेतली आणि त्यांना मादक पदार्थ सापडले. मंक यांनी मित्राविरुद्ध काहीही सांगण्यास नकार दिला. त्यांना ६० दिवस तुरुंगात राहावे लागले आणि त्यांचे कॅबरे कार्ड रद्द झाले. पुढील सुमारे सहा वर्षे स्वतःच्या शहरातील क्लबांत त्यांना उघडपणे वाजवता आले नाही. ध्वनिमुद्रणे, शहराबाहेरील कार्यक्रम आणि सभागृहांतील अधूनमधून होणाऱ्या मैफली एवढेच मार्ग खुले राहिले. या काळात पत्नी नेली यांनी नोकरी करून दोन मुलांचा संसार सांभाळला.

याच काळात त्यांनी 'प्रेस्टिज' या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. 'ब्लू मंक' (१९५४) ही रचना त्यांतील होय. डिसेंबर १९५४ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर झालेल्या ध्वनिमुद्रणात डेव्हिस यांनी आपल्या एकल वादनाच्या वेळी मंक यांना साथ थांबवण्यास सांगितले होते. मंक यांच्या साथीतील विलक्षण जागा इतर वादकांना किती अवघड वाटत, याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

१९५४ साली पॅरिस येथे पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांनी मंक यांची ओळख पॅनोनिका द कोनिग्जवॉर्टर यांच्याशी करून दिली. रॉथशिल्ड या प्रख्यात बँकर घराण्यात जन्मलेल्या पॅनोनिका जॅझवादकांच्या आश्रयदात्या होत्या. मंक कुटुंबाशी त्यांचा स्नेह आयुष्यभर राहिला. 'पॅनोनिका' ही रचना त्यांनाच उद्देशून आहे.

रिव्हरसाइड काळ आणि फाइव्ह स्पॉट

१९५५ साली 'रिव्हरसाइड' या नव्या कंपनीने प्रेस्टिजकडून मंक यांचा करार मिळवला. त्यासाठी मंक यांच्या नावे असलेली अवघी १०८.२४ डॉलर एवढी उचल रक्कम फेडावी लागली. त्या काळी बाजारात त्यांची किंमत काय होती, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी प्रथम एलिंग्टन यांच्या रचना आणि नंतर लोकप्रिय गीते मंक यांच्याकडून वाजवून घेतली. ओळखीच्या सुरावटी ऐकून मंक यांच्या वादनाविषयी असलेले दडपण श्रोत्यांच्या मनातून दूर व्हावे, हा त्यामागील हेतू होता. तिसरी ध्वनिमुद्रिका 'ब्रिलियंट कॉर्नर्स' (१९५७) मात्र प्रामुख्याने मंक यांच्या स्वतःच्या रचनांची होती. तिच्यातील शीर्षकरचना सॉनी रोलिन्स आणि मॅक्स रोच यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकांनाही इतकी कठीण वाटली की, २५ प्रयत्नांनंतरही ती एकदाही निर्दोषपणे पूर्ण झाली नाही. अखेरीस निरनिराळ्या प्रयत्नांतील भाग जोडून ती सिद्ध करण्यात आली. या ध्वनिमुद्रिकेमुळे समीक्षकांच्या मतात निर्णायक बदल होऊ लागला.

१९५७ साली मंक यांना कॅबरे कार्ड परत मिळाले. शाळेत शिक्षक असलेले त्यांचे व्यवस्थापक हॅरी कोलोम्बी आणि पॅनोनिका यांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. जुलै १९५७ पासून मंक यांनी 'फाइव्ह स्पॉट' या लहानशा क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासह चौकडीचे वादन सुरू केले. सुमारे सहा महिने चाललेले हे कार्यक्रम ऐकण्यासाठी संगीतकारांबरोबरच चित्रकार आणि लेखकही गर्दी करीत. कोल्ट्रेन त्या काळात मंक यांच्या घरी जाऊन त्यांच्या रचना शिकत. मंक पियानोवर एखादा भाग वाजवून दाखवीत आणि कोल्ट्रेन तो ऐकून आत्मसात करीत. कोल्ट्रेन यांच्या पुढील विकासात या काळाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

या चौकडीची ध्वनिमुद्रणे फार थोडी झाली होती. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या तिच्या मैफलीची फीत २००५ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये सापडली आणि त्याच वर्षी प्रकाशित झाली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये बाल्टिमोर येथील कार्यक्रमासाठी पॅनोनिका आणि सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ यांच्यासह मोटारीने जात असताना डेलावेअर राज्यात पोलिसांनी मंक यांना अडवले. पाणी मागण्यासाठी ते एका मोटेलमध्ये गेले असता हा प्रसंग ओढवला. मोटारीतून उतरण्यास नकार देणाऱ्या मंक यांच्या हातांवर पोलिसांनी मारहाण केली. या प्रकरणात त्यांचे कॅबरे कार्ड पुन्हा रद्द झाले आणि ते १९६० पर्यंत परत मिळाले नाही. कॅबरे कार्डाची संपूर्ण पद्धती १९६७ साली बंद करण्यात आली.

याच बंदीच्या काळात, २८ फेब्रुवारी १९५९ रोजी, न्यू यॉर्कच्या 'टाउन हॉल'मध्ये मंक यांच्या रचना दहा वादकांच्या वृंदाने सादर केल्या. वृंदसंयोजन हॉल ओव्हरटन यांनी मंक यांच्या बरोबरीने केले होते. 'लिटल रूटी टूटी' या रचनेतील मंक यांचे १९५२ सालचे एकल पियानोवादन जसेच्या तसे संपूर्ण वृंदाकडून वाजवून घेण्यात आले.

कोलंबिया काळ आणि कीर्ती

१९५९ पासून चार्ली राउझ मंक यांच्या चौकडीत आले आणि १९७० पर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. १९६२ साली मंक यांनी 'कोलंबिया' या मोठ्या कंपनीशी करार केला. तेथील पहिली ध्वनिमुद्रिका 'मंक्स ड्रीम' (१९६३) ही त्यांची सर्वाधिक खपाची ठरली. युरोप आणि जपान येथील दौऱ्यांनी त्यांची कीर्ती जगभर पसरली. २८ फेब्रुवारी १९६४ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. हा अंक मुळात नोव्हेंबर १९६३ मध्ये निघावयाचा होता. परंतु राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे तो लांबणीवर पडला. त्यापूर्वी हा मान मोजक्याच जॅझ कलावंतांना मिळाला होता.

'अंडरग्राउंड' (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत 'अग्ली ब्यूटी' ही तीन मात्रांच्या वॉल्ट्झ ठेक्यातील मंक यांची एकमेव रचना आहे. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील हायस्कूलमध्ये एका १६ वर्षीय विद्यार्थ्याच्या निमंत्रणावरून त्यांनी चौकडीसह वादन केले. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २०२० साली प्रकाशित झाले.

अखेरची वर्षे

१९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीताच्या लाटेत जॅझचा श्रोतृवर्ग आटला आणि कोलंबियाशी असलेला करार संपुष्टात आला. १९७१–७२ मध्ये गिलेस्पी, ब्लेकी आदी जुन्या सहकाऱ्यांसह 'जायंट्स ऑफ जॅझ' या नावाने त्यांनी जगाचा दौरा केला. नोव्हेंबर १९७१ मध्ये लंडन येथे त्यांनी प्रमुख वादक म्हणून अखेरचे ध्वनिमुद्रण केले. मनोविकाराचा त्रास त्यांना अनेक वर्षांपासून होता आणि त्यासाठी त्यांना वेळोवेळी रुग्णालयात राहावे लागले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी जाहीर वादन थांबवले. न्यू जर्सीतील वीहॉकन येथे पॅनोनिका यांच्या घरी त्यांची शेवटची सहा वर्षे गेली. त्या घरात पियानो असूनही ते क्वचितच त्याच्याजवळ जात. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाच्या झटक्यानंतर त्यांचे निधन झाले.

वादनशैली

पियानोच्या प्रचलित शिक्षणात बोटे वळवून पट्ट्यांवर ठेवण्यास शिकवले जाते. मंक मात्र बोटे बहुधा सपाट ठेवून पट्ट्यांवर आघात करीत. त्यामुळे त्यांचा नाद ठोस आणि काहीसा खडा होई. त्यांच्या शैलीची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

विसंवादी स्वरांचा उपयोग : मंक अनेकदा लगतच्या दोन पट्ट्या एकाच वेळी दाबीत. ब्लूज गायनात गंधार हा कोमल आणि शुद्ध यांच्यामध्ये हेलकावणारा स्वर असतो. गायकास तो मींडेने घेता येतो. परंतु संवादिनीप्रमाणेच पियानोवरही मींड घेता येत नाही. कोमल आणि शुद्ध गंधार एकत्र वाजवून त्यांच्यामधील स्वराचा भास निर्माण करणे हा पियानोवादकांचा जुना उपाय होता. मंक यांनी त्याचा विस्तार करून अशा घर्षणालाच आपल्या स्वरमेळांचा पाया बनवले.

पूर्णस्वरी सप्तकाच्या ताना : सहा समान अंतरांच्या स्वरांची उतरती स्वरावली ही मंक यांची खूण समजली जाते. भारतीय परिभाषेत हे स्वर षड्ज, शुद्ध ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद असे होतात. त्यात पंचम नसल्याने आणि सर्व अंतरे सारखी असल्याने षड्ज कोणता, याविषयी श्रोत्याचा क्षणभर संभ्रम होतो.

विराम : अपेक्षित जागी स्वर न वाजवणे हे मंक यांच्या वादनाचे प्रभावी साधन होते. श्रोत्याच्या मनात लय चालू राहते आणि पुढचा स्वर थोडा आधी वा उशिरा येऊन त्या लयीला छेद देतो. साथ करतानाही ते काही वेळा वादन पूर्णपणे थांबवून एकल वादकाला केवळ बेस आणि ड्रम्स यांच्या आधारावर सोडून देत. अशा वेळी ते उठून पियानोशेजारी स्वतःभोवती गिरक्या घेत नाचत. प्रेक्षकांना हा विक्षिप्तपणा वाटे. सहवादकांच्या दृष्टीने मात्र ते लयीला अनुकूल असल्याचे लक्षण होते.

सुरावटीवर आधारित विस्तार : बीबॉपचे बहुतेक वादक मूळ सुरावट एकदा वाजवून झाल्यावर ती बाजूला ठेवीत आणि तिच्या स्वरमेळांच्या आधारे नव्या स्वरावली रचीत. मंक मूळ सुरावट सोडत नसत. तिचे तुकडे करणे, त्यांच्या जागा बदलणे, एखादा भाग गाळणे वा ताणणे अशा रीतीने ते विस्तार करीत. त्यामुळे त्यांचे उत्स्फूर्त वादन हेदेखील रचनेचाच पुढचा टप्पा वाटते. टाउन हॉलमधील वृंदवादनात त्यांचे जुने एकल वादन तयार रचनेप्रमाणे वापरता आले, त्याचे कारण हेच होय.

रचना

मंक यांच्या बहुतेक रचना जॅझच्या परिचित साच्यांत बसतात. ३२ बारांचे गीत किंवा १२ बारांचे ब्लूज हे साचे ते वापरतात. चार मात्रांचा एक बार धरल्यास ब्लूजचे आवर्तन ४८ मात्रांचे होते आणि तबल्याच्या ठेक्याप्रमाणे ते पुनःपुन्हा फिरत राहते. या ठरावीक चौकटीत अनपेक्षित गोष्टी घडवणे हे मंक यांचे वैशिष्ट्य आहे.

'स्ट्रेट, नो चेसर' हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ही संपूर्ण रचना एका छोट्या स्वरवाक्यातून उभी राहते. हे वाक्य दर वेळी आवर्तनातील वेगळ्या मात्रेवर सुरू होते आणि कमी-अधिक लांबीचे होते. स्वर जवळजवळ तेच असूनही वजन बदलल्याने ते दर वेळी नवे वाटते. 'थेलोनियस' या रचनेची सुरावट प्रामुख्याने एकाच स्वरावर टिकून राहते आणि तिच्या खालचे स्वरमेळ बदलत जातात. 'एव्हिडन्स'मध्ये एका जुन्या लोकप्रिय गीताचे स्वरमेळ घेऊन त्यातील मोजकेच आघात शिल्लक ठेवले आहेत. 'ब्रिलियंट कॉर्नर्स'चे आवर्तन २२ बारांचे आहे आणि एकाआड एक आवर्तनात लय दुप्पट होते.

'क्रेपस्क्यूल विथ नेली' ही रचना १९५७ साली पत्नीच्या आजारपणात लिहिली गेली. तिच्यात उत्स्फूर्त विस्तारास मुळीच जागा नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिल्याप्रमाणेच वाजवली जाते. कुटुंबीय आणि मित्र यांच्या नावे केलेल्या इतर रचनांत मुलासाठी 'लिटल रूटी टूटी', मुलीसाठी 'बू बूज बर्थडे' आणि बड पॉवेल यांच्यासाठी 'इन वॉक्ड बड' यांचा समावेश होतो.

मंक आयुष्यभर थोड्याच रचना पुनःपुन्हा वाजवीत राहिले. एखादा गायक एकच बंदिश अनेक वर्षे गात तिच्यातील नव्या जागा शोधतो, त्याच्याशी या वृत्तीचे साम्य आहे.

टीका आणि पुनर्मूल्यांकन

१९४० आणि १९५० च्या दशकांत अनेक समीक्षकांनी मंक यांना वादनतंत्र अवगत नसल्याचा निष्कर्ष काढला होता. हर्बी निकल्स यांच्यासारख्या मोजक्या संगीतकारांनी आरंभापासून त्यांची बाजू घेतली. १९६० च्या दशकात कीर्ती मिळाल्यावर टीकेचे स्वरूप बदलले आणि मंक तेच ते वाजवतात, असा आक्षेप घेतला जाऊ लागला. दोन्ही आक्षेप परस्परविरोधी असले, तरी मंक यांची शैली या संपूर्ण काळात फारशी बदललेली नव्हती. बदलली होती ती श्रोत्यांची अपेक्षा.

त्यांच्या टोप्या, मितभाषीपणा आणि रंगमंचावरील नृत्य यांमुळे वृत्तपत्रांनी त्यांची प्रतिमा एका विक्षिप्त, अशिक्षित प्रतिभावंताची रंगवली होती. रॉबिन डी. जी. केली यांच्या २००९ सालच्या विस्तृत चरित्राने ही प्रतिमा बरीचशी पुसली गेली. मंक यांचे संगीतशिक्षण, पूर्वसूरींच्या परंपरेचा अभ्यास, दीर्घ रियाज आणि कुटुंबवत्सलता यांची साधार मांडणी या ग्रंथात आहे.

प्रभाव आणि सन्मान

कोल्ट्रेन आणि रोलिन्स यांच्याखेरीज पियानोवादक रँडी वेस्टन आणि सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्यावर मंक यांचा ठळक प्रभाव आहे. लेसी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस केवळ मंक यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. रचनाकाराच्या हयातीत अशा प्रकारे त्याच्या रचनांचा स्वतंत्र अभ्यास होणे जॅझमध्ये तेव्हा विरळ होते.

१९८६ साली मंक यांच्या नावाने जॅझशिक्षणाची संस्था स्थापन झाली. २०१९ साली तिला पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचे नाव देण्यात आले. शार्लट झ्वेरिन यांनी दिग्दर्शित केलेला 'स्ट्रेट, नो चेसर' हा माहितीपट १९८८ साली प्रदर्शित झाला. 'ब्रिलियंट कॉर्नर्स' ही ध्वनिमुद्रिका २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट करण्यात आली. मंक यांना मरणोत्तर १९९३ साली ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार आणि २००६ साली पुलित्झर पुरस्काराचे विशेष मानपत्र देण्यात आले. त्यांचे पुत्र टी. एस. मंक हे ढोलवादक आहेत.

निवडक ध्वनिमुद्रिका

जीनियस ऑफ मॉडर्न म्युझिक (ब्लू नोट, १९४७–५२ मधील ध्वनिमुद्रणांचे संकलन)
थेलोनियस मंक प्लेज द म्युझिक ऑफ ड्यूक एलिंग्टन (रिव्हरसाइड, १९५५)
ब्रिलियंट कॉर्नर्स (रिव्हरसाइड, १९५७)
थेलोनियस हिमसेल्फ (रिव्हरसाइड, १९५७, प्रामुख्याने एकल पियानोवादन)
मंक्स म्युझिक (रिव्हरसाइड, १९५७, कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन यांच्यासह)
मंक्स ड्रीम (कोलंबिया, १९६३)
सोलो मंक (कोलंबिया, १९६५)
अंडरग्राउंड (कोलंबिया, १९६८)
थेलोनियस मंक क्वार्टेट विथ जॉन कोल्ट्रेन ॲट कार्नेगी हॉल (ब्लू नोट, २००५, १९५७ मधील मैफल)